एच-इंडेक्स, सायटेशन आणि पितळेचं पातेलं: यकृतरोग संशोधकाचं काम मोजतात कसं?

"यांचा एच-इंडेक्स ४० आहे." "यांच्या पेपरना पाच हजार सायटेशन मिळाले आहेत." "जगातल्या टॉप २ टक्के शास्त्रज्ञांच्या यादीत आपल्या कॉलेजचे सर." अशा बातम्या आणि पोस्ट तुम्ही वाचल्याच असतील. पीएचडीसाठी गाइड शोधताना, प्राध्यापकाच्या बढतीच्या वेळी, संशोधनाला निधी द्यायचा की नाही हे ठरवताना हेच आकडे पुढे येतात. पण ते येतात कुठून, मोजतात कसे आणि त्यांच्यावर विश्वास किती ठेवायचा, हे फार थोड्या लोकांना माहीत असतं.

या लेखात आपण हे सगळं एका खऱ्या उदाहरणावरून समजून घेऊ. उदाहरण पुण्याचं आहे. केईएम रुग्णालयातले बालरोगतज्ज्ञ डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटनच्या डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत लहान मुलांच्या यकृताच्या एका जीवघेण्या आजारावर काम केलं. हेच उदाहरण घेण्याचं कारण असं, की मोजमापाचे जवळजवळ सगळे खाचखळगे या एका उदाहरणात सापडतात.

## आधी आजार कोणता ते बघू

आजाराचं नाव इंडियन चाइल्डहूड सिरॉसिस. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ मध्ये त्याची नोंद केली होती. साधारण सहा महिने ते पाच वर्षं वयाची मुलं. पोट फुगतं, यकृत मोठं आणि दगडासारखं कडक होतं, मग कावीळ होते. कावीळ झाल्यावर बहुतेक मुलं काही महिन्यांतच दगावायची. एकाच घरात दोन-तीन भावंडं गेल्याचीही उदाहरणं होती.

१९७९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लागोपाठ दोन पेपर छापून आले. दोन्हींत मुद्दा एकच होता: या मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साठलेलं आहे. निरोगी यकृतात कोरड्या वजनाच्या दर ग्रॅममागे साधारण ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी तांबं असतं. या मुलांमध्ये ते हजाराच्या घरात जायचं.

तांबं येतं कुठून? १९८३ मध्ये पुण्याच्या गटाने 'लॅन्सेट'मध्येच एक शक्यता मांडली. बाळाला लवकर वरचं दूध सुरू करायचं आणि ते दूध पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवायचं, साठवायचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. दुधातलं केसीन हे प्रथिन तांबं धरून ठेवतं. तान्ह्या बाळाचं यकृत तांबं बाहेर टाकायला अजून पुरतं तयार नसतं, त्यामुळे ते साठत जातं.

शिनोलीला आमच्या घरी माळ्यावर पितळेचं एक जुनं पातेलं आहे, आतली कल्हई पार उडालेलं. आंबेगाव-जुन्नरच्या बहुतेक जुन्या घरांत असं एखादं सापडेल. कल्हई म्हणजे आतून दिलेला कथलाचा थर. तो शाबूत असेपर्यंत दूध पितळेला लागत नाही. थर गेला की लागतं. एवढी साधी गोष्ट, पण ती सिद्ध करायला दहा-पंधरा वर्षं आणि बरेच पेपर लागले. आता ते पेपर मोजू.

## पायरी १: माणूस नक्की करा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कॉम्प्युटरला माणूस कळत नाही, नावाची अक्षरं कळतात. आणि जुने पेपर नावाच्या बाबतीत फार कंजूष आहेत.

पबमेड हा वैद्यकीय पेपरांचा अमेरिकन सरकारी डेटाबेस. त्यात लेखकांची पूर्ण नावं २००२ पासून येऊ लागली. त्याआधी फक्त आडनाव आणि आद्याक्षरं. म्हणजे १९८३ च्या पेपरवर 'पंडित ए. एन.' आणि 'भावे एस. ए.' एवढंच. पंडित आडनावाचे डॉक्टर देशभर आहेत. 'पंडित ए.' शोधलंत तर काश्मीरपासून कर्नाटकापर्यंतचे सगळे पंडित एका ढिगात येतील. उलट नंतरच्या काही पेपरांवर तीच व्यक्ती 'भावे एस.' म्हणून येते, दुसरं आद्याक्षर गायब. म्हणजे एका नावाखाली अनेक माणसं आणि एका माणसाची अनेक नावं, दोन्ही घोळ एकाच वेळी.

मग पत्त्यावरून गाळू म्हणाल, तर तिथेही अडचण. पबमेडमध्ये १९८८ ते २०१३ या काळात फक्त पहिल्या लेखकाचा पत्ता नोंदवला जायचा. त्याआधी तोही नाही. शिवाय केईएम रुग्णालयं दोन: एक मुंबईत परळला, दुसरं पुण्यात रास्ता पेठेत. आणि जुन्या कागदांवर पुण्याचं स्पेलिंग 'पूना'. फक्त 'केईएम' शोधलं तर मुंबईचं काम पुण्याच्या खात्यात जमा होतं.

आडनाव दुर्मीळ असेल तर काम सोपं. पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतल्या डॉ. विद्या अरणकल्ले यांनी हेपटायटिस ई या यकृताच्या विषाणूवर अनेक वर्षं काम केलं. 'अरणकल्ले व्ही. ए.' शोधल्यावर गोंधळ फारसा होत नाही. पण पुढे त्या भारती विद्यापीठाच्या संशोधन संस्थेत गेल्या. संस्थेच्या नावावरून गाळणी लावली तर त्यांच्या कामाचे दोन तुकडे पडतात.

यावर उपाय म्हणून २०१२ मध्ये ऑर्किड नावाची व्यवस्था सुरू झाली. प्रत्येक संशोधकाला १६ अंकी क्रमांक, आपल्या आधारसारखा. नव्या पिढीसाठी हे उत्तम आहे. पण जुन्या पेपरांवर तो क्रमांक आपोआप चिकटत नाही, संशोधकाने स्वतः जोडावे लागतात. तिथे हाताने पडताळणी करावीच लागते: सहलेखक कोण, विषय काय, गाव कोणतं, वर्षं जुळतात का.

## पायरी २: डेटाबेस निवडा

सायटेशन म्हणजे एका पेपरने आपल्या संदर्भयादीत दुसऱ्या पेपरचा केलेला उल्लेख. या उल्लेखांची सूची करायची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि साठच्या दशकात 'सायन्स सायटेशन इंडेक्स' सुरू झाला. आज तोच वारसा 'वेब ऑफ सायन्स' चालवतं. २००४ मध्ये स्कोपस आणि गूगल स्कॉलर आले. २०२२ मध्ये ओपनअलेक्स आला, जो पूर्ण खुला आहे.

एकाच माणसाचा आकडा चार ठिकाणी चार वेगळे येतात. कारण सोपं आहे: प्रत्येकाची वही वेगळी.

वेब ऑफ सायन्स आणि स्कोपस निवडक नियतकालिकंच मोजतात आणि संस्थेने वर्गणी भरलेली असेल तरच नीट वापरता येतात. गूगल स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, परिषदांचे गोषवारे, वेबवर पडलेल्या पीडीएफ असं सगळं गोळा करतं, त्यामुळे तिथला आकडा सहसा सर्वात मोठा असतो. त्यात एकच पेपर दोनदा मोजला जाण्याचे प्रकारही होतात. पबमेड पेपर शोधायला उत्तम, पण तो मुळात सायटेशन मोजायला बनवलेला नाही.

जुन्या कामासाठी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. स्कोपसमध्ये सुरुवातीला १९९६ पासूनच्याच पेपरांच्या संदर्भयाद्या होत्या. नंतर त्या १९७० पर्यंत मागे नेल्या गेल्या. याचा अर्थ समजून घ्या. १९८३ च्या पेपरची चर्चा कधी झाली असेल? १९८४ पासून पुढची दहा-बारा वर्षं. नेमकी तीच वर्षं वहीत नसतील, तर त्या पेपरचा आकडा निम्म्यावर येऊ शकतो आणि त्यात संशोधकाची काहीच चूक नसते.

म्हणून साधा नियम: आकडा सांगताना डेटाबेसचं नाव आणि बघितल्याची तारीख सांगायचीच. या दोन गोष्टींशिवाय एच-इंडेक्स सांगणं म्हणजे गावाचं नाव न सांगता बाजारभाव सांगण्यासारखं आहे.

## पायरी ३: यादी साफ करा

यादीत येणारी प्रत्येक नोंद संशोधनाचा पेपर नसते. संपादकाला लिहिलेलं पत्र, संपादकीय, परिषदेतला गोषवारा, पुस्तकातलं प्रकरण, आधीच्या कामांचा आढावा घेणारा लेख, हे सगळं एकाच यादीत येतं. मोजण्याआधी त्यांचे गट पाडा. आढावा लेखांना सायटेशन जास्त मिळतात, कारण दहा मूळ पेपर देण्याऐवजी लोक एक आढावा देऊन मोकळे होतात. फक्त आढावे लिहूनही एखाद्याचा आकडा फुगू शकतो.

आपल्या उदाहरणातही दोन्ही प्रकार आहेत. १९८३ चा पेपर हे मूळ संशोधन. १९९६ मध्ये पंडित आणि भावे यांनी 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन'मध्ये तांब्याच्या भूमिकेविषयी लिहिलं तो आढावा. दोन्ही महत्त्वाचे, पण काम वेगळं.

## पायरी ४: आता मोजा

तीन आकडे सगळ्यात जास्त वापरात आहेत.

एकूण सायटेशन: सगळ्या पेपरना मिळालेल्या उल्लेखांची बेरीज.

एच-इंडेक्स: २००५ मध्ये जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला आकडा. पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने लावा. वरून मोजत या. ज्या क्रमांकापर्यंत सायटेशनची संख्या क्रमांकाइतकी किंवा जास्त आहे, तो शेवटचा क्रमांक म्हणजे एच.

आय-१० इंडेक्स: किमान १० सायटेशन असलेल्या पेपरांची संख्या. हा मुख्यतः गूगल स्कॉलरवर दिसतो.

काल्पनिक उदाहरण घेऊ. डॉक्टर अ यांचे दहा पेपर, सायटेशन अशी: २१०, ६४, ४०, २२, १५, ९, ६, ६, २, ०. सहाव्या पेपरला ९ सायटेशन आहेत, म्हणजे सहापेक्षा जास्त. सातव्याला ६, म्हणजे सातपेक्षा कमी. म्हणून एच-इंडेक्स ६. एकूण सायटेशन ३७४. आय-१० इंडेक्स ५.

डॉक्टर ब यांचेही दहा पेपर, प्रत्येकाला बरोबर १० सायटेशन. एकूण १००, पण एच-इंडेक्स १०.

आता सांगा, मोठं काम कोणाचं? एच-इंडेक्स म्हणतो ब यांचं. एकूण सायटेशन म्हणतात अ यांचं. २१० सायटेशनचा जो एक पेपर आहे, त्याने कदाचित अख्ख्या विषयाची दिशा बदलली असेल. एच-इंडेक्सच्या दृष्टीने तो २१० चा असो की ६ चा, फरक शून्य. एच सातत्य दाखवतो, एखादा मोठा शोध दाखवत नाही. शिवाय तो कधीच कमी होत नाही आणि वयाबरोबर वाढतो. त्यामुळे तिशीतल्या संशोधकाची साठीतल्या संशोधकाशी एचवरून तुलना करणं चुकीचं.

## पायरी ५: वाटा कोणाचा?

पेपरवर सात नावं असतील तर सातही जणांच्या खात्यात पूर्ण पेपर जमा होतो. याला पूर्ण मोजणी म्हणतात. दुसरी पद्धत म्हणजे वाटून मोजणी: सात लेखक असतील तर प्रत्येकाला एक सप्तमांश.

पुण्याच्या गटाचे या आजारावरचे सहा पेपर घेऊन बघू. हे त्यांचं सगळं काम नाही, हिशेब कळावा म्हणून घेतलेला नमुना आहे.

- १९७९, 'लॅन्सेट': यकृतातलं वाढलेलं तांबं. सात लेखक. पंडित पाचवे.
- १९८३, 'लॅन्सेट': तांबं मिसळलेलं वरचं दूध हे संभाव्य कारण. चार लेखक. टॅनर पहिले, भावे तिसऱ्या, पंडित शेवटचे.
- १९८७, 'जर्नल ऑफ पीडिएट्रिक गॅस्ट्रोएंटरॉलॉजी अँड न्यूट्रिशन': आजारी आणि निरोगी मुलांच्या दुधाच्या इतिहासाची तुलना. तीन लेखक. भावे पहिल्या, पंडित दुसरे.
- १९८७, 'आर्काइव्ह्ज ऑफ डिसीज इन चाइल्डहूड': पेनिसिलामिन या तांबं बाहेर काढणाऱ्या औषधाच्या चाचण्या. चार लेखक. टॅनर पहिले, भावे दुसऱ्या, पंडित शेवटचे.
- १९९२, 'ॲनल्स ऑफ ट्रॉपिकल पीडिएट्रिक्स': आजार टाळण्याविषयी. पाच लेखक. भावे पहिल्या, पंडित दुसरे.
- १९९६, 'अमेरिकन जर्नल ऑफ क्लिनिकल न्यूट्रिशन': आढावा. दोन लेखक. पंडित पहिले, भावे दुसऱ्या.

पूर्ण मोजणीने पंडित यांचे ६ पेपर, भावे यांचे ५. वाटून मोजणीने पंडित यांचे सुमारे १.६८ आणि भावे यांचे १.५३. म्हणजे सहाला पाच वाटणारं अंतर वाटून मोजल्यावर बरंच कमी होतं. वैद्यकीय पेपरांत पहिलं नाव सहसा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचं आणि शेवटचं नाव गटप्रमुखाचं असतं, असा संकेत आहे. त्या दृष्टीने बघितलं तर पहिलं नाव भावे यांचं दोनदा, पंडित यांचं एकदा. घरोघरी दूध कोणत्या भांड्यात तापतं याची माहिती असलेल्या पेपरवर पहिलं नाव भावे यांचं आहे. एका एच-इंडेक्समध्ये यातलं काहीच दिसत नाही.

## पायरी ६: तुलना बरोबरीच्यांशी करा

पाचशे लोकांच्या गावात दोनशे मतं मिळणं आणि पुणे शहरात दोनशे मतं मिळणं, दोन्ही सारखं नाही. सायटेशनचंही तसंच.

१९९९ मध्ये पुण्याच्या केईएममधूनच 'डायबेटिस' या नियतकालिकात एक पेपर आला: जन्मावेळी वजन कमी असलेली आणि आठव्या वर्षी अंगाने भरलेली मुलं, आणि त्यांच्यातला इन्सुलिनचा प्रतिरोध. नऊ लेखकांत डॉ. आशिष बावडेकर, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्यासोबत पंडित आणि भावेही आहेत. मधुमेहावर जगभर हजारो लोक लिहितात. इंडियन चाइल्डहूड सिरॉसिसवर लिहिणारे मूठभर. त्यामुळे त्याच संशोधकांच्या दोन विषयांतल्या पेपरची थेट तुलना केली तर यकृताचं काम विनाकारण लहान दिसतं.

यकृताच्या आतही हाच फरक आहे. हेपटायटिस ई घ्या. १९८० मध्ये पुण्याच्या विषाणूविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी अमेरिकन सहकाऱ्यांसोबत 'लॅन्सेट'मध्ये दाखवलं, की भारतातल्या पाण्यातून पसरणाऱ्या काविळीच्या मोठ्या साथी हेपटायटिस ए किंवा बी च्या नाहीत. त्याच वर्षी काश्मीरच्या साथीवर डॉ. खुरू यांचा पेपर आला. पुढे हा विषाणू युरोपात डुकरांमध्येही सापडला आणि श्रीमंत देशांत संशोधन वाढलं. विषय वाढला तसे जुन्या भारतीय पेपरांना नवे उल्लेख मिळत राहिले. तांब्याच्या आजाराला असं नशीब मिळालं नाही.

म्हणून विषय आणि वर्ष लक्षात घेऊन काढलेले आकडे वापरा. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेचं आयसाइट हे मोफत साधन असा आकडा देतं. तिथे १ म्हणजे त्या विषयातल्या ठरावीक पातळीइतके उल्लेख, २ म्हणजे दुप्पट. तुलना दुधाची दुधाशी, पाण्याची पाण्याशी.

## पायरी ७: सायटेशन उघडून वाचा

सायटेशन म्हणजे कौतुक नव्हे. 'यांचं म्हणणं चूक आहे' असं लिहून केलेला उल्लेखही अधिक एकच मोजला जातो.

१९७९ च्या 'लॅन्सेट'मधल्या दोन पेपरांपैकी एकावर डॉ. एन. सी. नायक यांचं नाव होतं. त्याच नायक यांनी डॉ. चितळे यांच्यासोबत २०१३ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च'मध्ये सविस्तर लेख लिहून, आहारातलं तांबं हेच या आजाराचं कारण आहे या मताला आव्हान दिलं. भांड्यांच्या गृहितकाशी न जुळणारे रुग्णही असल्याचं इतरांनीही मांडलं होतं. दुसऱ्या बाजूला १९९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या टिरोल भागावरचा पेपर आला. तिथे १९०० ते १९७४ या काळात अशाच आजाराने १३८ बालकं दगावली होती. तिथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत दूध, पण जोडीला आनुवंशिक कारणही असल्याचं त्या संशोधकांनी मांडलं.

डेटाबेससाठी बाजूचा आणि विरुद्ध बाजूचा उल्लेख सारखाच. वाचणाऱ्यासाठी नाही. शंभर सायटेशन असतील तर किमान दहा उघडून बघा: पाठिंबा आहे, विरोध आहे, की प्रस्तावनेत जाता जाता घेतलेलं नाव? आणि त्यात स्वतःच स्वतःचे दिलेले उल्लेख किती? स्वतःच्या जुन्या कामाचा उल्लेख करणं गैर नाही. पण एकूण आकड्यात त्यांचंच प्रमाण मोठं असेल तर तो आकडा वेगळा करून सांगायला हवा.

## दोन नेहमीचे गैरसमज

'पेपर मोठ्या इम्पॅक्ट फॅक्टरच्या नियतकालिकात आलाय, म्हणजे चांगलाच.' इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकाचा असतो, पेपरचा नाही. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांना या वर्षी सरासरी किती उल्लेख मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. वर्गाची सरासरी ८० टक्के आहे म्हणून त्यातल्या प्रत्येक मुलाला ८० टक्के पडत नाहीत. व्यक्तीचं मूल्यमापन या आकड्यावरून करू नका, असं २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या 'डोरा' या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटलं आहे. २०१५ च्या 'लायडन मॅनिफेस्टो'नेही दहा तत्त्वं मांडली. त्यातलं पहिलंच असं, की आकड्यांनी तज्ज्ञांच्या मताला मदत करावी, त्याची जागा घेऊ नये.

'टॉप २ टक्के म्हणजे जगातला सर्वोत्तम.' ही यादी स्टॅनफर्डचे जॉन आयोॲनिडिस आणि सहकारी स्कोपसच्या माहितीवरून बनवतात. तिच्यात लेखकक्रम आणि सहलेखकांची संख्या विचारात घेतली जाते, स्व-उल्लेख वगळूनही क्रमवारी दिली जाते. म्हणजे साध्या एच-इंडेक्सपेक्षा ती बरी. पण याद्या दोन असतात: पूर्ण कारकिर्दीची आणि एकाच वर्षाची. बातमीत कोणती ते बहुधा लिहिलेलं नसतं. विचारून घ्या.

## आकडा जिथे संपतो

आता मुख्य मुद्दा. १९९० च्या दशकात हा आजार दुर्मीळ होत गेला. आज नव्या बालरोगतज्ज्ञांनी तो फक्त पुस्तकात वाचलेला असतो. आजार गेला की रुग्ण नाहीत. रुग्ण नाहीत की नवे पेपर नाहीत. नवे पेपर नाहीत की जुन्यांना उल्लेख नाहीत. म्हणजे सायटेशनचा आलेख खाली येतो, आणि तो खाली येण्याचं कारण हे आहे, की आता त्या आजाराने पोरं मरत नाहीत.

याचं सगळं श्रेय पेपरांना द्यायचं का? नाही. त्याच काळात घरोघरी स्टीलची भांडी आली. ती स्वस्त होती, घासायला सोपी होती, कल्हईवाल्याची वाट बघावी लागत नव्हती. आमच्या घरचं पातेलं माळ्यावर गेलं ते कोणी 'लॅन्सेट' वाचून नव्हे. डॉक्टरांचा सल्ला, स्तनपानाचा प्रचार आणि स्टील यांतला कोणाचा वाटा किती, हे सायटेशन मोजून ठरत नाही. त्यासाठी गावोगावच्या नोंदी, रुग्णालयांचे जुने केसपेपर आणि भावंडांचे इतिहास लागतात. ते दुसरं मोजमाप आहे आणि ते जास्त कष्टाचं आहे.

ज्या संशोधनाने प्रश्नच मिटवायला हातभार लावला, त्याला सायटेशनच्या हिशेबात तोटा होतो. प्रश्न चिघळत राहिला तर फायदा होतो. कोणत्याही संशोधकाचा आकडा बघताना ही उलटी गोष्ट डोक्यात हवी.

## घरबसल्या मोजायचं असेल तर

शिनोलीत बसून फोनवर, एक रुपया न भरता एवढं करता येतं:

१. पबमेडवर आडनाव, आद्याक्षरं आणि आजाराचं पूर्ण नाव टाकून यादी काढा. लघुरूप टाकू नका. 'आयसीसी' टाकलंत तर वेबवर क्रिकेटच सापडेल.

२. प्रत्येक पेपरचे सहलेखक, गाव आणि वर्षं बघून दुसऱ्या माणसाचे पेपर काढून टाका.

३. मूळ संशोधन, आढावे आणि पत्रं वेगळी करा.

४. गूगल स्कॉलर आणि ओपनअलेक्स, दोन्हीकडे सायटेशन बघा. दोन्ही आकडे तारखेसह लिहा. ओपनअलेक्सचा डेटा प्रोग्रॅम लिहूनही मागवता येतो, त्यामुळे यादी मोठी असेल तर तो सोयीचा.

५. एच-इंडेक्ससोबत सगळ्यात जास्त उल्लेख झालेले तीन पेपर आणि त्यांतलं संशोधकाचं स्थान लिहा.

६. आयसाइटवर विषयाच्या तुलनेतला आकडा बघा.

७. किमान दहा उल्लेख उघडून वाचा.

८. शेवटी एक प्रश्न स्वतःला विचारा: या कामामुळे कोणाचं काय बदललं? उत्तर डेटाबेसच्या बाहेर शोधावं लागेल.

पहिल्या सहा पायऱ्या कॉम्प्युटर करून देईल. शेवटच्या दोन माणसालाच कराव्या लागतात. कोणी फक्त एक आकडा तुमच्यासमोर ठेवला, तर या दोन केल्या का, एवढं नक्की विचारा.